समुद्र न ओलांडलेला ससा

१९८९ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये फॅमिकॉम डिस्क सिस्टिमसाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीवर खेळायच्या यंत्राला डिस्कवरून खेळ पुरवणाऱ्या जोडयंत्रासाठी, रॉजर रॅबिट या कार्टून सशावरचा एक खेळ आला. करणारी कंपनी केम्को, हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातली. खेळ दिसायला अगदी साधा. पडद्यावर एखाद्या इमारतीचा उभा छेद घ्यावा तसे मजले, त्यांना जोडणारे जिने, नळ आणि दारं. मजल्यांवर वस्तू पसरलेल्या, त्या सगळ्या गोळा केल्या की पुढची पातळी. अशा साठ पातळ्या.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नायकाला उडी मारता येत नाही. त्या काळात उडी म्हणजे अशा खेळांचा जीव होता. ती काढून घेतली की खेळाडूकडे उरतो तो रस्ता आणि वेळ. समोरून शत्रू आला तर त्याच्यावरून जाता येत नाही, मागे फिरायचं, जिना गाठायचा, तो कोणत्या मजल्यावर वळतो ते पाहायचं आणि मग आपला मजला निवडायचा. बॉक्सिंगचा हातमोजा हाती लागला तर एक शत्रू पाडता येतो, जड वस्तू वरून ढकलून खालच्याच्या डोक्यावर पाडता येते. पण ही हत्यारं मोजकी. चुकीच्या जागी वापरलं की पातळी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मते ही पळापळीच्या रूपातली बुद्धिबळाची कोडी आहेत, आणि म्हणूनच आजही ती जुनी वाटत नाहीत.

रॉजरच्या नावाने हा खेळ अमेरिकेत कधीच गेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या दुकानांत आला तो ‘द बग्ज बनी क्रेझी कॅसल’. मजले तेच, जिने तेच, उडी नाही ती नाहीच. फक्त ससा दुसरा, आणि गोळा करायची ती गाजरं.

असं का झालं ते समजून घ्यायचं तर परवाना म्हणजे काय हे नीट पाहावं लागतं. कार्टूनच्या पात्राचा परवाना हा एकच अखंड हक्क नसतो. कोणतं पात्र, कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ, या चार बाजूंनी आखलेला तो एक चौकोन असतो. एकाच पात्राचे असे अनेक चौकोन वेगवेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात. रॉजरचा १९८८ चा चित्रपट गाजला होता. अमेरिकेत निन्टेन्डोच्या यंत्रासाठी त्यावरचा खेळ एलजेएन कंपनीने आणला, ब्रिटनमधल्या रेअरने तो बनवला होता आणि तोही १९८९ मध्येच बाजारात आला. केम्कोच्या हाती जपानपुरता रॉजर होता. पॅसिफिकच्या पलीकडे तोच ससा दुसऱ्याच्या अंगणात होता.

मिकीचंही तेच. हडसन कंपनीने १९८७ मध्ये जपानसाठी मिकीचा एक खेळ केला, तोच १९८८ मध्ये ‘मिकी माउसकपेड’ नावाने अमेरिकेत आला तेव्हा प्रकाशक होती कॅपकॉम. पुढे ‘डक टेल्स’सकट डिस्नेचे कितीतरी खेळ कॅपकॉमनेच केले. त्यामुळे १९८९ च्या सप्टेंबरात केम्कोने त्याच मजल्या-जिन्यांच्या खेळाची गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी ऐंशी पातळ्यांची आवृत्ती काढली, तेव्हा जपानमध्ये तिचं नाव होतं ‘मिकी माउस’ आणि १९९० मध्ये अमेरिकेत गेली तेव्हा पुन्हा बग्ज बनी.

म्हणजे वर्ष-दीड वर्षात एकाच खेळाच्या आत रॉजर, बग्ज आणि मिकी तिघं राहून गेले. रॉजरच्या चित्रपटात बग्ज आणि मिकी एकाच दृश्यात पॅराशूट घेऊन शेजारी शेजारी तरंगताना दिसतात. बग्जची वॉर्नर आणि मिकीची डिस्ने यांच्यात दोघांना पडद्यावर सारखाच वेळ देण्याचं ठरलं होतं. ते जुळवायला चित्रपटवाल्यांना केवढ्या वाटाघाटी कराव्या लागल्या! इथे कुरेमधल्या प्रोग्रामरांनी तिघांना एका साच्यात बसवलं, फक्त एकाच वेळी नव्हे.

आता हा साचा. पात्र बदलणं म्हणजे चित्र बदलणं, एवढंच बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात काम कुठे अडतं ते पाहण्यासारखं आहे.

फॅमिकॉम आणि त्याचा अमेरिकी भाऊ एनईएस, दोन्ही यंत्रं चित्रं आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकड्यांतून, म्हणजे टाइलमधून, उभी करतात. प्रत्येक ठिपक्याला दोन बिट, म्हणून एक टाइल सोळा बाइटची. सोळा ठिपके रुंद आणि बत्तीस उंच असा नायक धरला तर त्याला आठ टाइल लागतात, एका पवित्र्याला १२८ बाइट. चालण्याचे, जिना चढण्याचे, मार खाल्ल्याचे पवित्रे धरले की हा हिशेब पटकन हजाराच्या पुढे जातो. चित्रांसाठी यंत्राला एका वेळी दिसते ती जागा आठ केबी, म्हणजे ५१२ टाइल. त्यातली अर्धी साधारणपणे पार्श्वभूमीला, अर्धी हलणाऱ्या चित्रांना. नव्या पात्राला जुन्यापेक्षा एक पवित्रा जास्त हवा असेल, तर कुणाचा तरी एक कमी करावा लागतो.

खरी अडचण रुंदीची. हलत्या टाइल एका वेळी पडद्यावर चौसष्ट असू शकतात, पण एका आडव्या ओळीवर फक्त आठ. नायक दोन टाइल रुंद, शत्रूही दोन टाइल रुंद, म्हणजे एका मजल्यावर नायक आणि तीन शत्रू एकाच उंचीवर आले की आठाचा कोटा बरोबर भरतो. हा खेळ मजल्यांचाच, त्यामुळे सगळे एका ओळीत येणं इथे नेहमीचं. आता नवं पात्र देखणं दिसावं म्हणून कुणी त्याला तीन टाइल रुंद केलं, तर तीन आणि सहा मिळून नऊ होतात. नववी टाइल यंत्र काढतच नाही. कुणाचा तरी अर्धा चेहरा उभ्या चिरेसारखा गायब होतो, किंवा प्रोग्राम क्रम आलटून पालटून देत असेल तर सगळे लुकलुकायला लागतात. म्हणून पात्र बदलताना उंचीची थोडी तडजोड चालते, रुंदीची चालत नाही.

दुसरी गोष्ट टक्कर ओळखण्याच्या चौकटीची. शत्रूचा स्पर्श झाला की नाही हे प्रोग्राम चित्र पाहून ठरवत नाही. एका अदृश्य आयताची दुसऱ्या आयताशी गाठ पडली का, एवढंच तो तपासतो. तो आयत मूळ पात्राच्या धडाच्या मापाने आखलेला असतो. नवं पात्र बारीक असेल तर अंगाला न लागताच जीव जातो, जाड असेल तर पोटातून शत्रू आरपार जातो. दोन्ही प्रकारांत खेळाडू चिडतो आणि त्याचं चिडणं बरोबर असतं. सशाच्या जागी ससा येणं मला इथे फार नेमकं वाटतं. लांब कान, उभं धड, मोठे पाय, सगळा बांधा आधीच जमलेला. कान आयताच्या बाहेर राहिले तरी कुणाची तक्रार नसते.

रंगांचंही सांगितलं पाहिजे. हलत्या चित्रांसाठी चार रंगसंच, प्रत्येकात तीन रंग आणि चौथा पारदर्शक. रॉजरची लाल विजार, पिवळे हातमोजे, निळा टाय आणि पांढरं अंग, हे तीन रंगांत बसतच नाही, काहीतरी सोडावं लागतं. बग्जला करडा, पांढरा आणि एक गडद रंग दिला की काम भागतं. गेम बॉयवर तर छटाच चार, त्यातल्या पात्राला तीन. करडा ससा तिथे आपसूक शोभतो. मिकीचे काळे कान मात्र गडद पार्श्वभूमीपुढे विरघळतात, म्हणून एकतर भिंती फिक्या ठेवायच्या किंवा कानांभोवती पांढरी कड काढायची. आणि कड काढायला ठिपके लागतात, ते कानांच्या मापातूनच काढावे लागतात.

रॉजरच्या बाबतीत आणखी एक उंबरठा होता, डिस्कवरून कार्ट्रिजवर, म्हणजे आपण जिला ‘कॅसेट’ म्हणतो तिच्यावर, येण्याचा. डिस्क सिस्टिम १९८६ मध्ये जपानमध्ये आली आणि जपानबाहेर ती विकलीच गेली नाही. यंत्राच्या कार्ट्रिजच्या खाचेत एक रॅम अॅडॉप्टर बसतो, त्यात प्रोग्रामसाठी ३२ केबी आणि चित्रांसाठी ८ केबी मेमरी. डिस्कवरून जे वाचलं ते इथे येतं आणि इथूनच चालतं. डिस्कच्या एका बाजूला साधारण ६४ केबी माहिती मावते, पण ती एकाच सर्पिल रेषेवर. मधलाच तुकडा उचलता येत नाही, वाचणारं डोकं दर वेळी सुरुवातीपासून निघतं. म्हणून डिस्कवरचा खेळ फायलींच्या क्रमाने बांधलेला असतो. आधी काय लागेल ते आधी.

कार्ट्रिजवर आणताना ही बांधणी सोडवावी लागते. फाइल वाचण्याच्या सगळ्या हाका काढायच्या, त्या जागी मेमरीचे कप्पे बदलणारा प्रोग्राम घालायचा. अॅडॉप्टरमधला ८ केबीचा बायोस, म्हणजे मूलभूत कामं सांभाळणारा कायमचा प्रोग्राम, आता नाही, त्यामुळे त्याच्या ज्या उपयोगी गोष्टी खेळ वापरत होता त्या स्वतः लिहायच्या. यंत्र सुरू झाल्यावर कुठून धावायचं ते पत्ते कार्ट्रिजवर मेमरीच्या अगदी शेवटच्या सहा बाइटमध्ये लागतात, डिस्कवर ती जागा बायोसने अडवलेली असते आणि खेळ आपले पत्ते त्याच्या अलीकडे ठेवतो. हे विसरलं तर पडदा नुसता करडा राहतो. डिस्क सिस्टिममध्ये आवाजाची एक जास्तीची वाहिनी आहे, चौसष्ट पायऱ्यांची लाट आपल्या मनाप्रमाणे आखता येणारी. फॅमिकॉमच्या साठ पिनांतल्या दोन पिना आवाज कार्ट्रिजमध्ये नेऊन परत आणतात, एनईएसच्या बहात्तर पिनांत ती सोय नाही. त्या वाहिनीवर संगीताचा काही भाग लिहिलेला असेल, तर तो मूळच्या पाच वाहिन्यांत पुन्हा बसवावा लागतो. वर अमेरिकी यंत्रात कुलपाची चिप. कार्ट्रिजमधली चिप तिच्याशी बोलली नाही, तर यंत्र सेकंदासेकंदाला रीसेट होत राहतं.

गेम बॉयवर यातलं काहीच नाही. त्या यंत्राला प्रदेशाचं कुलूपच नाही. जपानमध्ये विकत घेतलेली मिकीची कार्ट्रिज अमेरिकेतल्या गेम बॉयमध्ये घातली की सरळ चालते. कार्ट्रिजच्या मथळ्यात, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, सोळाच्या पद्धतीने ०१४ए या पत्त्यावर एक बाइट असतो, तिथे शून्य म्हणजे जपान आणि एक म्हणजे परदेश. पण यंत्र तो बाइट तपासत नाही. ते तपासतं दोनच गोष्टी, ४८ बाइटचं निन्टेन्डोचं चिन्ह आणि मथळ्याची बेरीज. म्हणजे मिकीला पॅसिफिक ओलांडायला यंत्राची काहीच हरकत नव्हती. हरकत कागदावरच्या एका ओळीची होती. मला या सगळ्या प्रकरणात हा एक बाइट सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. बंदीची नोंद करायला जागा ठेवलेली, आणि ती पाळायची जबाबदारी मात्र कुणावर नाही.

केम्कोने हा खेळखंडोबा पुढे कितीतरी वर्षं निभावला. १९९१ मध्ये गेम बॉयवर ‘मिकी माउस २’ आला. अमेरिकेत तोच ‘क्रेझी कॅसल २’ झाला, युरोपात मिकीच राहिला, आणि पुढे तिथेच ‘ह्यूगो’ नावानेही निघाला. हा ह्यूगो म्हणजे डेन्मार्कच्या टीव्हीवर लोक टेलिफोनची बटणं दाबून खेळवत तो बुटका ट्रोल. १९९२ चा फॅमिकॉमवरचा तिसरा मिकी फुग्यांचा होता. फुगा फेकायचा, फुग्यावर चढायचं, फुग्याने तरंगायचं. अमेरिकेत तो न्यायला केम्कोने कुणाचा परवाना मागितलाच नाही. स्वतःचा एक विदूषक तयार केला, नाव ‘किड क्लाउन’, आणि १९९३ मध्ये खेळ त्याच्या नावावर काढला. विदूषक आणि फुगे! या सगळ्या अदलाबदलींत मला हीच सर्वांत सुंदर वाटते. इथे नवं पात्र उसनं वाटत नाही, उलट फुगे मिकीपेक्षा त्यालाच शोभतात. चौथा मिकी १९९३ चा, ठोकळे फोडत वाट काढायचा. तो अमेरिकेत भूत पकडणाऱ्या ‘रिअल घोस्टबस्टर्स’चा झाला, युरोपात गारफील्ड मांजराचा.

युरोपातल्या या नव्या अंगरख्यांपैकी ह्यूगो आणि गारफील्ड दोन्ही गेम बॉयचे आहेत याचं नवल वाटत नाही. टीव्हीवरच्या यंत्राला युरोपात सेकंदाला ५० चित्रं, जपान-अमेरिकेत ६०, आणि प्रोसेसरही तिथे १.७९ ऐवजी १.६६ मेगाहर्ट्‌झवर. बदल न करता खेळ नेला तर संगीत आणि चाल दोन्ही सुमारे सहाव्या हिश्शाने मंदावतात, म्हणजे शत्रूंच्या वेगावर बेतलेल्या पातळ्यांचं सगळं गणित पुन्हा तपासायचं. गेम बॉय मात्र जगभर एकाच वेगाने चालतो.

आपल्याकडच्या टीव्ही गेमवाल्यांना हे पिनांचं प्रकरण चांगलं ठाऊक असेल. महाराष्ट्रातल्या घराघरांत १९९० च्या दशकात जी यंत्रं आली ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला, साठ पिनांच्या. ‘कॅसेट’ म्हणून मिळायच्या त्यात जपानी आणि अमेरिकी आवृत्त्यांची सरमिसळ असे. खरी अमेरिकी कार्ट्रिज आणली तरी ती बहात्तर पिनांची, कन्व्हर्टरशिवाय खाचेत बसणारच नाही. आणि डिस्कचा तर प्रश्नच नव्हता. दूरदर्शनवर रविवारी हिंदीतून बोलणारे डिस्नेचे बदक पाहणाऱ्या पिढीला रॉजरचा हा खेळ भेटला तो बग्जच्या वेषातच.

हल्ली जपानी रॉजर किंवा मिकी इतर भाषांत वाचता यावा म्हणून पॅच बनवणारे लोक आहेत. ते मूळ खेळ वाटत नाहीत, फक्त कुठला बाइट कशाने बदलायचा याची यादी देतात, आणि हीच पद्धत योग्य. मराठीत असं काम करू पाहणाऱ्यांसाठी दोन अडखळ्याच्या जागा सांगतो. फॅमिकॉमच्या फायलीला वर सोळा बाइटचा मथळा असतो किंवा नसतो. मथळ्याच्या फायलीसाठी केलेला पॅच बिनमथळ्याच्या फायलीवर चढवला तर सगळं सोळा बाइटने सरकतं. टाइलही सोळाच बाइटची, त्यामुळे चित्रांच्या भागात प्रत्येक तुकडा बरोबर एका घराने सरकतो. कानाच्या जागी डोळा, डोळ्याच्या जागी नाक. असं दिसलं की चूक चित्राची नाही, मथळ्याची आहे हे लगेच ओळखावं. शक्य असेल तिथे आयपीएसऐवजी बीपीएस पद्धतीचा पॅच करावा. त्यात मूळ फाइलची तपासणी-बेरीज असते, चुकीच्या फाइलवर तो चढतच नाही.

गेम बॉयवर ०१३४ ते ०१४३ या पत्त्यांतलं नाव बदललं, तर ०१४डी वरची बेरीज नव्याने काढायची. शून्यापासून सुरुवात करून ०१३४ ते ०१४सी पर्यंतचा प्रत्येक बाइट वजा करायचा, दर वेळी आणखी एक वजा करायचा, आणि उरलेला शेवटचा बाइट तिथे लिहायचा. ही चुकली तर खरं यंत्र चिन्हापाशीच थांबतं. संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारे काही प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, मात्र ही बेरीज बघतच नाहीत, म्हणून संगणकावर चाललं तरी काम झालं असं धरू नये. आणि देवनागरीसाठी एक वेगळंच संकट आहे. आठ बाय आठच्या घरात शिरोरेषा, अक्षर आणि वरखालच्या मात्रा एकत्र मावत नाहीत. दोन घरांची उंची घ्यावीच लागते, म्हणजे ओळी निम्म्या होतात आणि टाइलचा साठा दुपटीने खर्ची पडतो.

मूळ रॉजरची डिस्क जपायची तर घाई आहे. बऱ्याच डिस्कना चुंबकीय तबकडीवर सरकतं झाकण नाही, धूळ आणि बुरशी थेट तबकडीवर बसते. ड्राइव्हमधला रबरी पट्टा तीसेक वर्षांत वितळून काळ्या गोंदासारखा होतो. तो पुसून नवा बसवला तरी डिस्क फिरवणाऱ्या आसाची जागा पुन्हा जुळवावी लागते, नाहीतर वाचताना एररचे आकडे येतात. अशा ड्राइव्हमध्ये एकुलती एक डिस्क कधीच आधी घालू नये, एखाद्या स्वस्त, नकोशा डिस्कवर चाचणी घ्यावी.

आणि वाचताना फक्त यादीतल्या फायली वाचून थांबू नये, पूर्ण रेषेचा कच्चा सिग्नल उतरवावा. जपानमध्ये दुकानातल्या यंत्रावर ५०० येन देऊन जुन्या डिस्कवर नवा खेळ लिहून मिळत असे, दुकानातली यंत्रं काढल्यावरही निन्टेन्डोची ती सेवा २००३ पर्यंत सुरू होती. त्यामुळे लेबल रॉजरचं आणि आत भलताच खेळ, असं होऊ शकतं, तसंच उलटही. डिस्कवर एकूण किती फायली आहेत तो आकडा सुरुवातीला लिहिलेला असतो, त्या आकड्याच्या पलीकडे रेषेवर जे उरलं असेल ते यंत्र पाहत नाही. नवा खेळ जुन्यापेक्षा आखूड असेल, तर जुन्याचं शेपूट तिथेच शिल्लक राहतं, कधी एखादी पातळी, कधी चित्रांच्या काही टाइल, अजून वाचता येतील अशा.